युद्धकालीन लँडिंग क्राफ्टची सेवानोंद कशी तयार करावी

ग्वाल्हेरच्या लश्कर या जुन्या वस्तीतल्या जनकगंज भागात, आमच्या शेजारच्या घरी, एक पत्र्याची ट्रंक आहे. ती मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. मुलगी ग्वाल्हेरला दिली, पुढे आईवडील गेले, गावचे घर पडले आणि ट्रंक लेकीच्या मागोमाग इथे आली. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. ट्रंकेत त्यांचे बर्मा स्टार हे पदक, घड्यांवर चिरलेला सेवेचा दाखला आणि तळहाताएवढे एक छायाचित्र निघाले. छायाचित्रात पुढचा रॅम्प खाली टाकून चिखलात टेकलेली एक सपाट बोट, म्हणजे सैन्य आणि वाहने थेट किनाऱ्यावर उतरवणारे लँडिंग क्राफ्ट, दिसते, रॅम्पच्या कडेला तिघेजण उभे आहेत आणि बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात चार आकडे आहेत. "काका, नंबर दिसतोच आहे, मग बोटीचा इतिहास मिळायला अडचण काय?" असे त्या घरच्या नातवाने विचारले, तेव्हा मलाही अडचण दिसली नव्हती. प्रत्यक्षात तीन वर्षे लागली, आणि त्यातले जवळजवळ एक वर्ष निव्वळ माझ्या चुकीने गेले. ज्यांच्या घरात असाच एखादा फोटो किंवा दाखला पडून आहे, त्यांचे ते वर्ष वाचावे म्हणून कामाची पद्धत सविस्तर लिहून काढली आहे.

नाव असलेल्या जहाजाचा माग काढणे तुलनेने सोपे असते. ग्वाल्हेरकरांना जवळचे उदाहरण द्यायचे तर महाराज माधवराव शिंदे यांनी १९१४ साली घेतलेले 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज घ्यावे. १८९० साली पाण्यात उतरलेले हे प्रवासी जहाज महाराजांनी 'लॉयल्टी' असे नाव देऊन रुग्णालय जहाज म्हणून युद्धकार्याला लावले. युद्धानंतर ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेले, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले म्हणून आपण आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. मालक बदलले, काम बदलले, तरी दोन नावांच्या आधाराने सारा प्रवास जोडता येतो. लँडिंग क्राफ्टला मात्र बहुधा नावच नसे. प्रकाराची तीन-चार अक्षरे आणि पुढे एक आकडा, एवढीच तिची ओळख. हजारोंच्या संख्येने, घाईने आणि एकाच साच्यातून बांधलेल्या या बोटी 'वापरा आणि टाका' या हिशेबाने वापरल्या गेल्या, त्यामुळे त्यांचे कागदही तितक्याच बेफिकिरीने हाताळले गेले. अशा बोटीची सेवानोंद एका दस्तऐवजात तयार सापडत नाही. प्रकार, क्रमांक, ध्वज, ताफा आणि तारीख यांचा मेळ घालून ती जुळवावी लागते.

प्रकार ओळखणे

क्रमांकाकडे जाण्याआधी बोटीचा प्रकार निश्चित करावा, कारण प्रकार ठाऊक नसेल तर क्रमांकाला काहीच अर्थ नसतो. छायाचित्रातला माणूस ही मोजपट्टी समजावी. माणसाची उंची साडेपाच फूट धरली की रॅम्पची रुंदी आणि बाजूची उंची अंदाजाने काढता येते, आणि बरेचसे पर्याय तिथेच गळतात.

समोर कपाटासारखी दोन दारे बाहेर उघडत असतील आणि रॅम्प त्यांच्या आत असेल, तर ती बहुतेक एलएसटी, म्हणजे रणगाडे वाहणारे मोठे जहाज. अमेरिकेत बांधलेल्या एलएसटीची लांबी सुमारे ३२८ फूट आणि रुंदी ५० फूट होती, आणि अशी हजाराहून अधिक जहाजे बांधली गेली. दारे नसून पुढचा संपूर्ण तोंडवळाच एका रॅम्पचा असेल, मधला भाग उघड्या हौदासारखा असेल आणि चालकाचा कट्टा मागे असेल, तर ती एलसीटी, म्हणजे रणगाडे वाहणारी, पण एलएसटीहून लहान बोट. ब्रिटिश मार्क ३ (मार्क म्हणजे आराखड्याची आवृत्ती) एलसीटी १९२ फूट लांब होती. मार्क ४ सुमारे १८७ फुटांची, म्हणजे थोडी आखूड, पण अधिक रुंद होती. अमेरिकन मार्क ५ मात्र अवघी ११७ फुटांची असून ती तीन तुकड्यांत जहाजावरून नेता येई. मार्क ६ मध्ये मागच्या बाजूनेही वाट ठेवलेली असल्यामुळे वाहन एका टोकाने चढून दुसऱ्या टोकाने उतरू शके. छायाचित्र मागून घेतलेले असेल तर ही खूण फार उपयोगी पडते.

पायदळासाठी असलेली एलसीआय मोठी असली, म्हणजे १५८ फुटांची, तरी तिला समोर रुंद रॅम्प नसतो. नाळेच्या दोन्ही बाजूंनी शिडीसारखे दोन अरुंद पूल खाली सोडलेले असतात. तिच्या आधीच्या मालिकेत चालकाचा मनोरा चौकोनी आणि नंतरच्या मालिकेत गोल होता, त्यामुळे पुसट छायाचित्रावरूनही बांधणीचा काळ ओळखता येतो. याउलट हल्ल्याच्या वेळी सैनिक उतरवणारी ब्रिटिश एलसीए साडेएकेचाळीस फुटांची, बुटकी आणि बाजूंना चिलखती पत्रा ठोकलेली असे, तर न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्स यांच्या कारखान्याने प्रसिद्ध केलेली, माणसे आणि वाहने नेणारी एलसीव्हीपी छत्तीस फुटांची, मुख्यतः प्लायवुडची आणि पोलादी रॅम्पची असे. या दोन लहान प्रकारांच्या बोटी बहुतेक वेळा मोठ्या जहाजाच्या कठड्यावर टांगून नेल्या जात. म्हणूनच अमेरिकन एलसीव्हीपीवर 'पीए', एक आकडा, आडवी रेघ आणि पुन्हा एक आकडा असे रंगवलेले दिसले, तर पहिला आकडा मातृजहाजाचा आणि दुसरा त्या जहाजावरच्या बोटीचा असतो. अशा बोटीचा स्वतंत्र इतिहास शोधत बसू नये. मातृजहाजाचा शोध घ्यावा, म्हणजे बोटीचा आपोआप हाती येतो.

आमच्या छायाचित्रातला रॅम्प दोन माणसे हात पसरून उभी राहिली तरी उरेल इतका रुंद होता, आणि मागे उघडा हौद स्पष्ट दिसत होता. एलसीटी हे ठरायला एक संध्याकाळ पुरली. त्या रात्री मी फार खुशीत होतो.

क्रमांकाची फसगत

ब्रिटिश आणि अमेरिकन नौदलांनी एलसीटीचे क्रमांक आपापल्या मनाने दिले, आणि त्या दोन्ही मालिका एकमेकींवर चढतात. अमेरिकन मार्क ५ ला १ ते ५०० आणि मार्क ६ ला ५०१ ते १४६५ असे क्रमांक होते. ब्रिटिशांनी मार्क ४ ची मालिका ५०० पासून सुरू करून १३०० च्या पुढे नेली. म्हणजे 'एलसीटी १२००' एवढेच म्हटले तर एक बोट अमेरिकन निघेल, दुसरी ब्रिटिश, आणि दोन्ही त्याच काळात पृथ्वीच्या दोन टोकांना काम करत असतील. मला हे ठाऊक नव्हते. परदेशातील एका संशोधकाला मी फक्त प्रकार आणि चार आकडे लिहून पाठवले, रीतसर पैसे भरले, आणि आठ महिन्यांनी आलेले जाडजूड पाकीट घरातल्या सर्वांना बोलावून उघडले. त्यात पॅसिफिकमधल्या बेटांची नावे होती आणि ब्रह्मदेशाचा मागमूसही नव्हता. दोष त्या गृहस्थांचा नव्हता. ध्वज कोणता हे मी सांगितलेच नव्हते.

म्हणून क्रमांक लिहिताना तीन गोष्टी नेहमी एकत्र लिहाव्यात: ध्वज, प्रकार आणि आकडा. ब्रिटिशांना लेंड-लीज करारात, म्हणजे युद्धकाळात अमेरिकेने मित्रराष्ट्रांना साहित्य पुरवले त्या व्यवस्थेत, मिळालेल्या मार्क ५ बोटींना २००० च्या पुढचे क्रमांक होते आणि मार्क ३ च्या उत्तरकालीन बोटींना ७००० च्या पुढचे, त्यामुळे चार आकड्यांतला पहिला २ किंवा ७ असेल तर काम सोपे होते. एलएसटीबाबत गोंधळ कमी आहे, कारण लेंड-लीजमध्ये ब्रिटिशांकडे गेलेल्या एलएसटींनी मूळचे अमेरिकन क्रमांकच कायम ठेवले. मात्र एलएसटी, एलसीआय आणि एलसीटी या तिन्ही प्रकारांत एकाच आकड्याच्या तीन निरनिराळ्या बोटी असतात, हे विसरू नये.

आकडा स्वतः वाचतानाही घाई करू नये. पत्र्याला पोचे पडलेले असतात, गंज रंगाच्या आतून वर येतो, आणि ३ चा ८ किंवा १ चा ७ व्हायला एक ओरखडा पुरतो. छायाचित्र स्कॅन करताना किमान १२०० डीपीआय ठेवावे, एकदा सरळ आणि एकदा उलट रंगात पाहावे, आणि घरातल्या तीन माणसांकडून तो आकडा एकमेकांना न सांगता लिहून घ्यावा. आमच्याकडे तिघांचे पहिले तीन आकडे जुळले. चौथा एकीने ३ लिहिला आणि दोघांनी ८. बहुमताने आकडा ठरत नसतो, म्हणून आम्ही दोन्ही ठेवले आणि दोन बोटींचा शोध समांतर चालवला.

सेवेच्या दाखल्याकडून फार अपेक्षा करू नये. त्यावर बोटीचा क्रमांक सहसा नसतोच. लँडिंग क्राफ्टवरची माणसे कागदोपत्री एखाद्या किनाऱ्यावरच्या तळाच्या पटावर असत, आणि नौदलाच्या रिवाजाप्रमाणे त्या तळालाही जहाजासारखे नाव असे. ब्रिटिश खलाशांच्या दाखल्यावर 'एचएमएस कोप्रा' दिसते, ते जहाज नसून संयुक्त मोहिमांच्या, म्हणजे नौदल, भूदल आणि हवाईदल यांच्या एकत्रित मोहिमांच्या, माणसांचा पगार आणि हिशेब ठेवणारे कार्यालय होते. रॉयल इंडियन नेव्हीच्या माणसांच्या कागदावर 'हमला' किंवा 'हमलावर' ही नावे सापडली, तर तीही लँडिंग क्राफ्टच्या तळांची आहेत. मुंबईत मार्वे येथे आज जे आयएनएस हमला आहे, त्याचे नाव त्या परंपरेतले आहे. 'हमलावर नावाचे जहाज कुठे बुडाले?' असे प्रश्न मी कुटुंबांकडून ऐकले आहेत. बुडण्यासारखे तिथे काही नव्हते.

पदके मात्र प्रदेश आणि काळ सांगतात. बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या अवधीतील सेवेसाठी होते आणि नौदलाच्या बाबतीत त्यात बंगालचा उपसागर येई. ज्याच्याकडे ते आहे त्याची बोट त्या काळात कधीतरी पूर्वेकडे होती, एवढे खात्रीने म्हणता येते. कोणत्या मोहिमेत होती, हे पदकावरून म्हणता येत नाही.

कागद कुठे असतात

ब्रिटिश ध्वजाच्या बोटीसाठी लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागार हे मुख्य ठिकाण. तिथे सगळेजण आधी लॉगबुक, म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही, मागतात आणि निराश होतात. मोठ्या युद्धनौकांची लॉगबुके एडीएम ५३ या वर्गात आहेत. लँडिंग क्राफ्टची लॉगबुके सापडतील या आशेवर योजना आखू नये. त्याऐवजी ब्रिटिश नौदल मुख्यालय ज्या रंगीत याद्या काढत असे, त्यांच्याकडे वळावे. मोठ्या युद्धनौका कुठे आहेत हे सांगणारी गुलाबी यादी एडीएम १८७ मध्ये आहे, लहान युद्धनौकांची लाल यादी एडीएम २०८ मध्ये, आणि लँडिंग शिप, लँडिंग क्राफ्ट आणि बार्जेस यांची हिरवी यादी एडीएम २१० मध्ये. लँडिंग क्राफ्टचा इतिहास लिहिणाऱ्याची सारी मदार हिरव्या यादीवर असते. त्या त्या सुमारास कोणता क्रमांक कोणत्या ताफ्यात आणि कोणत्या विभागात होता हे तिच्यावरून कळते. एकच यादी मागवून थांबू नये. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने चार-पाच याद्यांतली संबंधित पाने मागवावीत, मग बोट कुठून कुठे सरकली हे दिसू लागते, आणि ज्या दोन याद्यांच्या दरम्यान ती सरकली असेल तेवढ्याच काळाच्या मधल्या याद्या नंतर मागवाव्यात. पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

हिरव्या यादीतून ताफ्याचा, म्हणजे फ्लोटिलाचा क्रमांक मिळाला की खरे दार उघडते. मोहिमांचे अहवाल बोटवार नसून ताफावार असतात. ते एडीएम १९९ या वर्गात, आणि संयुक्त मोहिमांच्या मुख्यालयाचे कागद डीईएफई २ या वर्गात शोधावेत. सूचीत बोटीचा क्रमांक टाकून शोधल्यास क्वचितच काही मिळते. ताफ्याचा क्रमांक, मोहिमेचे सांकेतिक नाव किंवा किनाऱ्याचे नाव टाकावे.

अमेरिकन ध्वजाच्या बोटीचे नशीब बरेच चांगले आहे. कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप २४ मध्ये डेक लॉग आणि खलाशांचे पट आहेत, आणि रेकॉर्ड ग्रुप ३८ मध्ये युद्धदैनंदिन्या आणि लढाईचे अहवाल. त्यांतल्या युद्धदैनंदिन्यांचा मोठा भाग त्यांच्या सूचीत विनामूल्य वाचता येतो, तोही घरबसल्या. एलएसटी आणि एलसीआय यांची दैनंदिनी बहुतेक मिळते. लहान एलसीटीसाठी इथेही ताफ्याच्या किंवा गटाच्या नावाने जावे लागते.

भारतीय बाजूसाठी ग्वाल्हेरकरांना एक सोय आहे. दिल्ली रेल्वेने काही तासांवर आहे, आणि जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात सकाळच्या गाडीने जाऊन काम करून रात्री परतता येते. जाण्याआधी त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नोंदणी करून फाइलींचे क्रमांक उतरवून न्यावेत, नाहीतर पहिला दिवस सूची चाळण्यातच जातो. माझा गेला. भारत सरकारने १९६४ साली रॉयल इंडियन नेव्हीवरचा अधिकृत इतिहास प्रसिद्ध केला, त्यात लँडिंग क्राफ्ट विभागाची उभारणी आणि ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आराकानमधील काम यांची माहिती आहे, आणि कोणत्याही बोटीचा शोध सुरू करण्याआधी तो वाचावा. खलाशाच्या व्यक्तिगत नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये नौदलाचे ब्युरो ऑफ सेलर्स आहे. अर्ज वारसाने स्वतः करावा, खलाशाचा सेवाक्रमांक लिहावा आणि वारसा सिद्ध करणारा कागद सोबत जोडावा. सेवाक्रमांक दाखल्यावर असतो आणि पुष्कळदा पदकाच्या कडेवरही कोरलेला असतो. कडा भिंगाखाली तपासावी, पण पदक घासून पुसून चकचकीत करू नये, कारण कोरीव अक्षरे त्यानेच झिजतात.

कागद वाचताना

अहवाल हाती आल्यावर आधी वेळ कोणती हे पाहावे. चार आकडी वेळेपुढे एक इंग्रजी अक्षर असते, ते वेळेच्या पट्ट्याचे. झेड असेल तर ग्रिनिचची वेळ, दुसरे अक्षर असेल तर तितक्या तासांचा फरक. एका कागदावर झेड आणि दुसऱ्यावर स्थानिक वेळ असेल, तर एकच घटना दोनदा घडल्यासारखी दिसते. तारखेचेही तसेच आहे. अमेरिकन माणसाने खासगी पत्रात ४/३/४५ लिहिले असेल तर तो ३ एप्रिल असतो, आणि ब्रिटिश माणसाने लिहिले असेल तर ४ मार्च. आपल्या नोंदीत महिना नेहमी अक्षरांत लिहावा.

किनाऱ्याला लागण्याची क्रिया समजून घेतली तर तुटक नोंदीही बोलू लागतात. एलसीटी किनाऱ्याकडे जाताना काही अंतरावर मागचा नांगर पाण्यात सोडत असे आणि त्याची तार उलगडत पुढे जाई. तळ जमिनीला टेकला की रॅम्प खाली, वाहने बाहेर, रॅम्प वर, आणि मग मागच्या नांगराची तार विंचवर गुंडाळत इंजिने उलटी फिरवून बोट स्वतःला खेचून घेई. म्हणजे 'नांगर सोडला', 'टेकलो', 'रॅम्प खाली', 'निघालो' अशा चार नोंदींच्या वेळा एका कागदावर असल्या, तर मधल्या मिनिटांवरून बोट किती वेळ किनाऱ्यावर अडकली होती ते कळते. टेकल्यापासून निघेपर्यंत वीस मिनिटे हे सुरळीत काम. सहा तास दिसले, तर ओहोटीने बोट कोरडी पडली असे समजावे आणि भरती-ओहोटीच्या वेळांशी ते पडताळावे.

आराकानच्या बाबतीत ही पडताळणी फार महत्त्वाची आहे. तिथे वाळूचे मोकळे किनारे थोडे होते, आणि बरेचसे काम 'चौंग' म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्यांतून, दोन्ही काठांच्या खारफुटीच्या मधून चाले. कोकणातली खाजणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते चित्र समजावून सांगायला नको. पडताळणीसाठी तारखा हाताशी असाव्यात: ३ जानेवारी १९४५ रोजी अक्याब, १२ जानेवारीला म्येबॉन, २१ जानेवारीला रामरी, २२ जानेवारीला कांगॉ, आणि पुढे २ मे रोजी रंगूनच्या मोहिमेतील उतरण. म्येबॉनला ओहोटी लागल्यावर चिखल उघडा पडला आणि नंतरच्यांचे उतरणे फार कठीण झाले. आमच्या छायाचित्रात चिखल आहे म्हणून ते म्येबॉनचेच, असे मी एका रात्रीत ठरवून टाकले होते. दुसऱ्या दिवशी नातवाने शांतपणे विचारले, "काका, बाकी सगळीकडे चिखल नव्हता का?" होता. ती ओळ मी खोडली.

आणखी एक गोष्ट. बोटीसमोर उभा असलेला माणूस त्या बोटीवर नेमलेला असेलच असे नाही. तो संदेशवाहक असेल, दुरुस्तीला आला असेल, किंवा दुसऱ्या बोटीवरून उतरून फोटोपुरता उभा राहिला असेल. बोटीची नोंद आणि माणसाची नोंद या दोन वेगळ्या वह्यांत ठेवाव्यात. दोन्हींत तीच जागा आणि तीच तारीख येईल तेव्हाच त्यांना एका ओळीत जोडावे.

युद्धानंतरची पाने

अनेक नोंदी ऑगस्ट १९४५ ला येऊन थांबतात, कारण लिहिणाऱ्याचे स्वारस्य तिथेच संपते. बोटीचे आयुष्य मात्र तिथे संपलेले नसते. 'पेड ऑफ' किंवा 'डीकमिशन्ड' याचा अर्थ भंगारात गेली असा होत नाही. बोट सक्रिय सेवेतून निघाली एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन नौदलात नोंदवहीतून नाव कमी होण्याची तारीख वेगळी, विक्रीची वेगळी आणि तोडण्याची वेगळी असते, आणि या चारही तारखा चार ओळींत लिहाव्यात.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण आयएनएस मगरचे. १९४५ साली पाण्यात उतरलेली ब्रिटिश एलएसटी ३०११ हिला १९४७ साली 'अव्हेंजर' हे नाव मिळाले, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात येऊन ती 'मगर' झाली. एकाच जहाजाच्या या तीन ओळखी. आता यात दोन सापळे आहेत. 'अव्हेंजर' नावाची एक ब्रिटिश विमानवाहू नौकाही होती, जी नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. आणि 'मगर' हे नाव पुढे दुसऱ्या जहाजाला दिले गेले, जे १९८७ साली सेवेत आले आणि ६ मे २०२३ रोजी कोची येथे निवृत्त झाले. नाव टाकून शोध घेणाऱ्याच्या हाती या तीन जहाजांची खिचडी येते. नावाशेजारी जलावतरणाचे वर्ष लिहिण्याची सवय ठेवली की ती होत नाही.

लांब साखळी कशी जोडावी हे पाहायचे असेल तर अमेरिकन एलएसटी ३२५ चा अभ्यास करावा. फेब्रुवारी १९४३ मध्ये सेवेत, मग सिसिली, सालेर्नो आणि नॉर्मंडी, १९४६ मध्ये निवृत्ती, १९६४ पासून ग्रीक नौदलात 'सिरॉस' या नावाने काम, आणि शेवटी वयोवृद्ध माजी सैनिकांनी स्वतः चालवत अटलांटिक पार करून जानेवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबाइल नावाच्या बंदरात आणलेले जहाज. आज ते इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिल येथे पाहायला मिळते. इथे ग्रीक नाव ठाऊक नसेल तर ३५ वर्षांचे आयुष्य कोरे राहते. दुसरे उदाहरण ब्रिटिश एलसीटी ७०७४ चे: १९४४ साली बांधलेली, नॉर्मंडीच्या उतरणीत दहा रणगाडे नेलेली, युद्धानंतर लिव्हरपूलमध्ये तरंगता क्लब झालेली, बर्कनहेडच्या गोदीत बुडालेली, २०१४ मध्ये वर काढलेली आणि २०२० पासून पोर्ट्समथच्या संग्रहालयाबाहेर उभी असलेली ही बोट. मधली कितीतरी वर्षे तिचे कागद नौदलाकडे नव्हतेच. ते परवाने, बंदर-अधिकारी आणि स्थानिक वर्तमानपत्रांत होते. युद्धोत्तर शोध नेहमी तिकडे घ्यावा.

नोंद लिहिणे

लेखनासाठी लांबट वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता करावा. प्रत्येक ओळीत तारीख, ठिकाण, घटना, ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली ते, आणि शेवटी एक खूण. मी तीन खुणा वापरतो: कागदावर बोटीचा क्रमांक स्पष्ट असेल तर टिंब, कागद केवळ ताफ्याचा असेल तर वर्तुळ, आणि घरातली आठवण असेल तर फुली. ताफा म्येबॉनला होता म्हणून बोटही तिथे होती, असे गृहीत धरण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ताफ्यातल्या दोन-तीन बोटी नेहमी दुरुस्तीत किंवा दुसऱ्या कामावर असत. वर्तुळाचे टिंब आपल्या हाताने कधीही करू नये. फुलीला कमी लेखू नये, पण ती फुलीच राहू द्यावी. कोरी जागा दिसली तर तिथे दोन्ही बाजूंच्या तारखा लिहून मधे रेघ मारावी, जोडवाक्य घालू नये.

आमच्या दोन बोटींपैकी जिचा शेवटचा आकडा ८ होता, ती सलग तीन हिरव्या याद्यांत ब्रिटनच्या विभागात दिसली. चिखलातले ते छायाचित्र तिथले असणे शक्य नव्हते असे नाही, पण दुसरी, म्हणजे ३ ची, त्याच याद्यांत पूर्वेकडे दिसली आणि आजोबांचा दाखला त्याच काळात त्यांना लँडिंग क्राफ्टच्या तळावर दाखवतो. तक्त्यात आज एकोणीस ओळी आहेत: सात टिंबे, नऊ वर्तुळे, तीन फुल्या. जानेवारी ते एप्रिल १९४५ या जागी रेघ आहे. छायाचित्राच्या मागे काहीही लिहिलेले नाही. ते आता आम्लविरहित कागदाच्या पाकिटात आहे आणि पाकिटावर मऊ पेन्सिलीने चौथ्या आकड्याची दोन्ही वाचने, ती कोणी केली त्यांच्या आद्याक्षरांसह, लिहून ठेवली आहेत.